न्यूक्लिक आम्लाधारित लसी व औषधे

तयार प्रथिन शरीरात टोचण्याऐवजी ते घडवण्याची सूचना डीएनए किंवा आरएनएच्या रूपात पेशीला देणाऱ्या लसी, तसेच पेशीतली चुकीची सूचना दाबणारी वा दुरुस्त करणारी औषधे. कोव्हिड-१९ च्या साथीत एमआरएनए (प्रथिन घडवण्याची सूचना नेणारा आरएनए) हा शब्द घरोघरी पोहोचला, पण या घराण्यातले पहिले औषध अमेरिकेत १९९८ मध्येच मान्य झाले होते. फोमिव्हिर्सेन हे त्याचे नाव. एड्सच्या रुग्णांना सायटोमेगॅलोव्हायरसमुळे होणाऱ्या दृष्टिपटलाच्या आजारावर ते थेट डोळ्यात टोचत, त्यामुळे रक्तातून वाट काढण्याचा प्रश्नच येत नसे. पुढची कित्येक वर्षे हे क्षेत्र त्याच प्रश्नाशी झुंजत राहिले. सूचना लिहिणे त्या मानाने लवकर जमले. ती शाबूत पोहोचवणे हे खरे अवघड काम आहे.

आरएनए फार नाजूक. त्याचे तुकडे करणारी एन्झाइम्स रक्तात असतात, घामात असतात, आपल्या बोटांवरही असतात. म्हणून आरएनएवर काम करू लागलेला विद्यार्थी सगळ्यात आधी हातमोजे वरचेवर बदलायला शिकतो. हा रेणू लांबलचक आणि ऋणभारित असल्याने पेशीचे मेदाचे आवरण त्याला सहजी आत घेत नाही. त्यातून, बाहेरून आलेला आरएनए म्हणजे विषाणूच, असे धरून शरीर त्याच्यावर तुटून पडते. उंदराच्या स्नायूत नुसता एमआरएनए टोचला तरी थोडे प्रथिन तयार होते, हे १९९० मध्ये अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या गटाने दाखवले होते. दाह मात्र आड येत राहिला. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात कातालिन कारिको आणि ड्र्यू वाइसमन यांनी २००५ मध्ये त्यावरचा तोडगा प्रसिद्ध केला: आरएनएतल्या युरिडिन या घटकाच्या जागी त्याचेच किंचित बदललेले रूप, स्यूडोयुरिडिन, घातले की शरीराचा हा आक्षेप बराच निवळतो. या कामासाठी दोघांना २०२३ चे नोबेल मिळाले.

एमआरएनए प्रत्यक्ष बनतो त्या टप्प्यावर जिवंत पेशी लागत नाही. हवा तो जनुक असलेला गोलाकार डीएनए, म्हणजे प्लाझ्मिड, जिवाणूंमध्ये वाढवून घेतात, एका जागी कापून सरळ करतात आणि टी-७ नावाच्या एन्झाइमकडून त्याच्या आरएनए प्रती काढून घेतात. हे काम काही तासांचे असते. रेणूच्या पुढच्या टोकाला ‘टोपी’ आणि मागे अॅडेनिनची लांब शेपटी असावी लागते, नाहीतर पेशी तो वाचत नाही. वेळ खातात ती शुद्धीकरण आणि तपासणी. नको असलेला दुहेरी धाग्याचा आरएनए थोडा जरी उरला तरी दाह होतो. नवा विषाणू आला तर बदलायचा तो फक्त मजकूर, यंत्रसामग्री तीच राहते. त्यामुळेच कोरोनाचा जनुकीय क्रम जानेवारी २०२० मध्ये जाहीर झाल्यावर १६ मार्चला मॉडर्नाची लस पहिल्या स्वयंसेवकाला टोचता आली.

पोहोचवण्याचे काम करतो लिपिड नॅनोकण. त्यात चार प्रकारचे मेद असतात: भार बदलणारा मेद, फॉस्फोलिपिड, कोलेस्टेरॉल आणि पीईजी (पॉलिएथिलीन ग्लायकॉल) जोडलेला मेद. हे चारही इथेनॉलमध्ये विरघळवतात, आरएनए आम्लधर्मी पाण्यात ठेवतात आणि दोन्ही धारा वेगाने एकमेकींत मिसळतात. क्षणार्धात मेद आरएनएभोवती गोळा होतात. तयार कण साधारण १०० नॅनोमीटरचा असतो. माणसाच्या केसाच्या जाडीत असे सातआठशे कण शेजारी शेजारी बसतील. सारी करामत पहिल्या मेदाची. आम्लात तो धनभारित असतो म्हणून आरएनएला धरून ठेवतो, आणि रक्तात जवळपास भाररहित होतो म्हणून अपाय कमी. पेशी कणाला गिळून एका पिशवीत कोंडते. ती पिशवी आम्लधर्मी होऊ लागली की मेद पुन्हा धनभारित होतो, पिशवीची भिंत फोडतो आणि आरएनए पेशीद्रव्यात सुटतो. सुटणारे मात्र थोडेच. बहुतेक रेणू त्या पिशवीतच नष्ट होतात. हे प्रमाण वाढवता आले तर कमी मात्रेत काम भागेल, आणि माझ्या मते या क्षेत्रातला सर्वांत मोलाचा शोध तोच ठरेल.

शिरेतून दिलेले कण बहुतांशी यकृतात जातात. रक्तातले अपोलायपोप्रोटीन-ई हे मेद वाहून नेणारे प्रथिन त्यांना चिकटते आणि यकृताच्या पेशी ते ओळखून कण आत ओढतात. म्हणूनच या कणांचे पहिले यशही यकृतातच आले: जनुकाला गप्प करणारे पॅटिसिरान हे औषध २०१८ मध्ये एका आनुवंशिक अॅमिलॉइड विकारासाठी (यात बिघडलेले प्रथिन अवयवांत साचते) मान्य झाले. पुढे तर कणाचीही गरज उरली नाही. यकृताच्या पेशी ओळखतात अशी शर्करा थेट आरएनएला जोडली की झाले; कोलेस्टेरॉलसाठीचे इन्क्लिसिरान सुरुवातीच्या मात्रांनंतर वर्षातून दोनदाच घ्यावे लागते. २०२५ मध्ये फिलाडेल्फियात एका तान्ह्या बाळासाठी खास त्याच्या जनुकातली चूक दुरुस्त करणारे औषध बनवले गेले, तेही याच कणांतून यकृतात पोहोचवले.

मेंदू, स्नायू, फुप्फुस इथे वाट अजून बिकट आहे. स्पायनल मस्क्युलर अॅट्रोफी या स्नायू दुबळे करत नेणाऱ्या आनुवंशिक आजारावरचे नुसिनर्सेन कण्यातल्या द्रवात टोचावे लागते. त्याच आजारावरचे आणि महाराष्ट्राला ‘१६ कोटींचे इंजेक्शन’ म्हणून माहीत झालेले झोल्गेन्स्मा हे औषध निरोगी जनुक विषाणूच्या रिकाम्या कवचातून नेते. बाळासाठी लोकवर्गणी मागणाऱ्या आईबापांमुळे हे नाव इथल्या घराघरांत गेले.

कारखान्यापासून दंडापर्यंतचा प्रवासही तितकाच नाजूक. फायझरची लस सुरुवातीला उणे ७० अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवावी लागे. वितळलेल्या कुपीत १.८ मिलिलिटर सलाइन घालायचे, कुपी हळूच दहा वेळा उलटसुलट करायची, पण जोरात हलवायची नाही, आणि सहा तासांत संपवायची. आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात लसी ठेवतात त्या आयएलआर या शीतकपाटात, २ ते ८ अंशांवर. तिथून व्हॅक्सिन कॅरिअर, म्हणजे लस नेण्याची थंड पेटी, भरणारी आरोग्यसेविका आईसपॅक कानाशी हलवते, आत पाणी डुचमळते का, म्हणजे बर्फ वितळू लागला का, ते ऐकते आणि मगच लस पेटीत ठेवते. उणे ७० ची लस या साखळीत बसणे अशक्य होते.

भारताने शोधलेल्या वाटा याच गरजेतून आल्या. अहमदाबादच्या झायडस कॅडिलाच्या झायकोव्ह-डी या लसीला ऑगस्ट २०२१ मध्ये आपत्कालीन परवानगी मिळाली. माणसांसाठीची ती जगातली पहिली डीएनए लस. डीएनए आरएनएपेक्षा टिकाऊ, पण त्याला पेशीच्या केंद्रकापर्यंत जावे लागते. म्हणून ती सुईविना, बारीक धारेच्या दाबाने त्वचेत देतात, मात्रा तीन. पुण्याच्या जिनोव्हाच्या जेमकोव्हॅक-१९ या पहिल्या भारतीय एमआरएनए लसीला जून २०२२ मध्ये परवानगी मिळाली, तोवर देशातील बहुतेक प्रौढांचे लसीकरण होऊन गेले होते. वर्षभराने आलेली जेमकोव्हॅक-ओएम ही ओमायक्रॉनवरची लस गोठवून वाळवलेल्या भुकटीच्या रूपात येते, तीही सुईविना दिली जाते, आणि तिला त्या आयएलआरमध्ये जागा मिळू शकते.