स्टॉक कार शर्यतींची हौशी फँटसी लीग : नियम व संचालन

स्टॉक कार (दिसायला नेहमीच्या मोटारीसारखी असलेली शर्यतीची गाडी) शर्यतींची हौशी फँटसी लीग म्हणजे मित्रमंडळी, नातेवाईक किंवा एकाच कार्यालयातील सहकारी यांनी एका हंगामापुरता आपसांत चालवलेला अंदाजांचा खेळ. प्रत्येक सहभागी दर आठवड्याच्या शर्यतीसाठी खऱ्या ड्रायव्हरांमधून ठरावीक संख्येचा चमू निवडतो आणि त्या ड्रायव्हरांनी प्रत्यक्ष शर्यतीत मिळवलेल्या गुणांची बेरीज त्याच्या नावावर जमा होते. अमेरिकेतील नॅसकार या संस्थेची कप मालिका हा या खेळाचा मुख्य आधार असल्यामुळे प्रस्तुत नोंदीत त्या मालिकेवर बेतलेल्या लीगचेच नियम दिले आहेत.

नॅसकारची स्थापना १९४८ मध्ये फ्लोरिडा राज्यातील डेटोना बीच येथे झाली. कप मालिकेचा हंगाम फेब्रुवारीत ‘डेटोना ५००’ या शर्यतीने सुरू होतो आणि नोव्हेंबरपर्यंत चालतो. त्यात गुणांसाठी ३६ शर्यती होतात. एका शर्यतीत साधारणपणे जास्तीत जास्त ४० गाड्या उतरतात व त्यांपैकी ३६ गाड्यांची जागा २०१६ पासून लागू असलेल्या ‘चार्टर’ पद्धतीमुळे निश्चित असते. फँटसी खेळाची आजची पद्धत मात्र मोटारींच्या शर्यतींतून आलेली नाही. १९८० मध्ये न्यूयॉर्कमधील काही बेसबॉलप्रेमींनी सुरू केलेल्या ‘रोटिसरी’ लीगमधून ती रूढ झाली आणि पुढे इतर खेळांत पसरली. मराठी वाचकाला ती फँटसी क्रिकेटमुळे ओळखीची आहे, पण दोहोंत एक मूलभूत फरक आहे. क्रिकेटमध्ये रोज नवे दोन संघ समोर येतात आणि खेळाडूंची यादी बदलते, तर इथे जवळपास तेच ड्रायव्हर फेब्रुवारीपासून नोव्हेंबरपर्यंत दर आठवड्याला एकाच मैदानात असतात. त्यामुळे निवडीवर कोणतेही बंधन नसेल, तर चौथ्या-पाचव्या आठवड्यापासून सगळ्यांचे चमू सारखेच दिसू लागतात आणि लीगमध्ये चुरस उरत नाही.

यावरचा उपाय म्हणजे वापरमर्यादा, आणि हौशी लीगचा हाच सर्वांत महत्त्वाचा नियम आहे. एक ड्रायव्हर एका सहभागीने हंगामात किती वेळा घ्यायचा याची संख्या आधीच ठरवलेली असते. दर शर्यतीला पाच ड्रायव्हर घ्यायचे असतील, तर ३६ शर्यतींत मिळून १८० जागा भराव्या लागतात. मर्यादा नऊ वेळांची ठेवली, तर प्रत्येकाला किमान वीस वेगवेगळे ड्रायव्हर वापरावेच लागतात. मर्यादा पंधरापर्यंत सैल केली, तर बारा जणांत काम भागते आणि खेळ पुन्हा आघाडीच्या नावांभोवती फिरू लागतो. ती पाचवर आणली, तर ३६ नावे लागतात, म्हणजे मागच्या फळीतील जवळजवळ प्रत्येक गाडीचा अभ्यास करावा लागतो आणि हौसेने आलेली मंडळी कंटाळतात. आठ ते दहा ही मर्यादा बहुतेक गटांना मानवते.

वापरमर्यादेमुळे वेळापत्रक वाचण्याची गोडी लागते. न्यूझीलंडचा शेन व्हॅन गिसबर्गन याने २०२५ च्या हंगामात वळणावळणांच्या आणि शहरी रस्त्यांवरील सहा शर्यतींपैकी मेक्सिको सिटी, शिकागो, सोनोमा, वॉटकिन्स ग्लेन आणि शार्लट येथील पाच जिंकल्या; लंबगोल ट्रॅकवर मात्र त्याला तसे यश मिळाले नाही. ज्याने त्याचे वापर अशा शर्यतींसाठी राखून ठेवले, त्याला त्याचा पुरेपूर लाभ झाला. डेटोना आणि टॅलाडेगा येथे याच्या उलट विचार करावा लागतो. त्या मोठ्या ट्रॅकवर गाड्या एकमेकींना चिकटून घोळक्याने धावतात आणि एकाच्या चुकीने दहा-पंधरा गाड्या एकदम निकामी होऊ शकतात. अशा ठिकाणी हुकमी ड्रायव्हर खर्ची घालण्याऐवजी मधल्या फळीतले ड्रायव्हर घ्यावेत, हा जाणत्यांचा जुना हिशेब आहे, आणि तो बरोबरही आहे.

काही गट मर्यादेऐवजी, किंवा तिच्या जोडीला, ड्रायव्हरांची अ, ब, क अशी वर्गवारी करतात आणि प्रत्येक वर्गातून ठरावीक संख्या घेण्याचे बंधन घालतात. नवख्या सहभागींना ही पद्धत सोपी वाटते. मात्र वर्गवारी कोण करणार, ती हंगामात केव्हा बदलणार आणि अचानक उतरणाऱ्या पाहुण्या ड्रायव्हरला कोणता वर्ग देणार, हे लिहून ठेवावे लागते. व्हॅन गिसबर्गननेच जुलै २०२३ मध्ये शिकागोच्या रस्त्यांवर कप मालिकेतील आपली पहिलीच शर्यत जिंकली होती. मालिकेत आधीची कामगिरी नाही एवढ्यावरून त्याला शेवटच्या वर्गात टाकणाऱ्या लीगमध्ये त्या आठवड्याचा निकाल काय लागला असेल, हे सांगायला नको. पाहुण्या ड्रायव्हरला पहिल्या वर्गातच धरावे, हा नियम थोडा कडक असला तरी सुरक्षित आहे.

गुणदानासाठी स्वतःचे कोष्टक तयार करण्याचा मोह टाळून शर्यतीचे अधिकृत गुण जसेच्या तसे घेणे उत्तम. २०१७ पासून शर्यत टप्प्यांत विभागली जाते आणि सुरुवातीच्या टप्प्यांच्या शेवटी पहिल्या दहा ड्रायव्हरांना अनुक्रमे १० ते १ गुण मिळतात. अंतिम निकालात २०२५ पर्यंत विजेत्याला ४०, दुसऱ्याला ३५, तिसऱ्याला ३४ आणि पुढे एकेक कमी होत ३६ व्या क्रमांकाला १ गुण मिळत असे. २०२६ च्या हंगामापासून विजेत्याचे गुण ५५ झाले. दुसऱ्या ते ३६ व्या क्रमांकाचे गुण काढायचे असतील, तर ३७ मधून क्रमांक वजा करावा, इतके ते सोपे आहे. पहिले दोन्ही टप्पे जिंकून शेवटी भिंतीवर आदळलेला आणि ३४ वा आलेला ड्रायव्हर १०, १० आणि ३ असे २३ गुण मिळवतो. टप्प्यांत काहीच न मिळवता शांतपणे १४ व्या क्रमांकावर पोहोचलेल्या ड्रायव्हरचेही २३ गुणच होतात. एकाने दोन तास आघाडी राखली आणि दुसरा एकदाही पडद्यावर दिसला नाही, तरी लीगच्या खात्यात दोघे सारखेच. नव्या सहभागींना हे उदाहरण पहिल्याच दिवशी समजावून सांगितले, तर पुढचे बरेच प्रश्न मिटतात.

गुण नेहमी त्या एका शर्यतीच्या निकालपत्रातून घ्यावेत, हंगामाच्या गुणतक्त्यातील फरकावरून काढू नयेत. हंगामाच्या अखेरच्या दहा शर्यतींत विजेतेपदासाठी पात्र ठरलेल्या ड्रायव्हरांचे गुण नव्याने मांडले जातात, त्यामुळे तक्त्यातील आकड्यांचा शर्यतीतील कामगिरीशी थेट मेळ राहत नाही. आणखी एक अडचण म्हणजे ड्रायव्हरला दरवर्षी एकाच मालिकेत गुण मिळवता येतात. दुसऱ्या मालिकेचा ड्रायव्हर कप शर्यतीत उतरला, तर त्याचा क्रमांक लागतो, पण गुणांच्या रकान्यात काहीच येत नाही. २०२५ च्या ‘डेटोना ५००’ मध्ये जस्टिन ऑलगायर नववा आला आणि त्याला कप मालिकेचे गुण मिळाले नाहीत. अशा ड्रायव्हरला लीगमध्ये क्रमांकानुसार गुण द्यावेत की शून्य द्यावे, याचे उत्तर नियमपत्रात हवे. क्रमांकानुसार गुण देणे अधिक न्याय्य आहे, कारण निवड करणाऱ्याने अंदाज बरोबरच बांधलेला असतो. ऑल-स्टार शर्यतीसारख्या प्रदर्शनीय शर्यती आणि ‘डेटोना ५००’ पूर्वीच्या ‘ड्युएल’ या पात्रता शर्यती हिशेबाबाहेर ठेवाव्यात.

चमू कळवण्याची अंतिम वेळ हिरवा झेंडा पडण्याचा क्षण अशी ठेवणे सोयीचे आहे. पावसाने शर्यत सुरूच झाली नाही, तर मुदतही पुढे जाते. २०२४ ची ‘डेटोना ५००’ रविवारऐवजी सोमवारी झाली, तेव्हा या नियमामुळे सहभागींना चमूचा फेरविचार करायला एक दिवस मिळाला. शर्यत सुरू होऊन मध्ये थांबली, तर मात्र चमू बदलता येत नाही, मग ती दुसऱ्या दिवशी संपो वा अर्ध्यावरच निकाल जाहीर होवो. भारतातून खेळणाऱ्यांना वेळेचे विशेष भान ठेवावे लागते. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर रविवारी दुपारी तीनला सुरू होणारी शर्यत उन्हाळी वेळेत आपल्याकडे सोमवारी पहाटे साडेबाराला आणि हिवाळी वेळेत दीडला येते. मार्च आणि नोव्हेंबरमध्ये हा एक तास सरकतो आणि चमू कळवायचा राहून जाण्याचे प्रकार नेमके त्याच आठवड्यांत जास्त होतात.

बदली ड्रायव्हरचा नियम हा वादाचा मोठा उगम आहे. गुण निवडलेल्या माणसाचे की त्या क्रमांकाच्या गाडीचे, हे हंगामाआधीच ठरले पाहिजे. मे २०२४ मध्ये काइल लार्सन इंडियानापोलिसची वेगळ्या मालिकेतील ‘इंडियानापोलिस ५००’ ही शर्यत संपवून त्याच दिवशी शार्लटच्या ‘कोका-कोला ६००’ साठी जाणार होता. इंडियानापोलिसला पाऊस आल्याने उशीर झाला, शार्लटला त्याची गाडी जस्टिन ऑलगायरने सुरू केली, आणि लार्सन पोहोचल्यावर तिथेही पाऊस येऊन ४०० पैकी २४९ फेऱ्यांनंतर निकाल जाहीर झाला. नोंदीत १३ वा क्रमांक ऑलगायरच्या नावावर लागला, लार्सनच्या नावावर काहीच नाही. माणसाचे गुण मानणाऱ्या लीगमध्ये लार्सन घेतलेल्यांना शून्य मिळते, गाडीचे गुण मानणाऱ्या लीगमध्ये १३ व्या क्रमांकाचे गुण मिळतात. दोन्ही पद्धती योग्य आहेत, पण शर्यतीनंतर त्यांतली एक निवडता येत नाही. दीर्घ अनुपस्थितीत हाच प्रश्न आणखी तीव्र होतो. २०२३ च्या मार्चमध्ये पाय मोडल्यामुळे चेस एलियट सहा शर्यतींना मुकला आणि त्याच्या गाडीत बसलेला जॉश बेरी रिचमंडला थेट दुसरा आला. अधिकृत फँटसी खेळात यासाठी एक राखीव, ‘गॅरेज’मधला ड्रायव्हर ठेवण्याची सोय आहे, हौशी लीगलाही ती उचलता येते, मात्र राखीव ड्रायव्हर केवळ मूळ ड्रायव्हर शर्यतीत उतरला नाही तरच लागू व्हावा, म्हणजे संयोजकाला शर्यतीच्या मध्यावर निरोप टिपत बसावे लागत नाही.

निकाल अंतिम कधी मानायचा, यालाही तेवढेच महत्त्व आहे. २४ जुलै २०२२ रोजी पोकोनो येथे डेनी हॅमलिन पहिला आणि काइल बुश दुसरा आला. शर्यतीनंतरच्या तपासणीत दोघांच्याही गाड्या अपात्र ठरल्या आणि विजय चेस एलियटला देण्यात आला. कप मालिकेत विजेता अशा रीतीने अपात्र ठरण्याचा प्रसंग १९६० नंतर प्रथमच आला होता. रविवारी रात्रीच गुण जाहीर करणाऱ्या संयोजकाला दुसऱ्या दिवशी सगळा तक्ता पुन्हा मांडावा लागला असेल. म्हणून तपासणीनंतरचा अधिकृत निकाल ग्राह्य धरावा आणि त्यानंतर आठवडाभरात होणाऱ्या गुणकपातीकडे दुर्लक्ष करावे. मार्च २०२३ मध्ये फीनिक्स येथील तपासणीवरून हेंड्रिक संघाच्या तीन ड्रायव्हरांचे प्रत्येकी १०० गुण कापले गेले आणि त्याच महिन्याच्या शेवटी अपिलात ते परत मिळाले. अशा चढउतारांमागे धावणारी लीग कधीच स्थिर तक्ता दाखवू शकत नाही.

चमू पाठवायला विसरलेल्या सहभागीसाठी मागच्या आठवड्याचाच चमू पुढे चालू ठेवावा आणि तो वापर मर्यादेत मोजावा. ज्या ड्रायव्हरची मर्यादा संपली असेल, त्याच्या जागी शून्य धरावे. शून्यावर शून्य पडत गेलेला माणूस जुलैपर्यंत लीग सोडतो, म्हणून प्रत्येकाचे सर्वांत वाईट दोन आठवडे अंतिम बेरजेतून वगळण्याची सवलतही उपयुक्त ठरते. उशिरा येणाऱ्याला आधीच्या प्रत्येक आठवड्यासाठी त्या आठवड्यातील नीचांकी गुण द्यावेत. बरोबरी झाल्यास ज्याने अधिक वेळा प्रत्यक्ष विजेता निवडला असेल तो पुढे, आणि तरीही बरोबरीच राहिली तर अखेरच्या शर्यतीतील गुण पाहावेत.

संयोजक स्वतः खेळत असेल, तर त्याने आपला चमू इतरांचे चमू हाती येण्यापूर्वीच एखाद्या सहभागीकडे पाठवून ठेवावा. त्याच्या प्रामाणिकपणावर कोणी शंका घेत नसले तरी ही शिस्त असावी, कारण सगळ्यांच्या निवडी त्याला आधी दिसतात. मुदत संपताच सर्व चमू एकदम उघड करावेत. हिशेबासाठी एक सामायिक तक्ता पुरतो : आडव्या रांगेत सहभागी, उभ्या रकान्यात शर्यती, आणि शेजारच्या पानावर प्रत्येकाने कोणता ड्रायव्हर किती वेळा वापरला याची मोजणी. हे दुसरे पान सर्वांत आधी दुर्लक्षिले जाते आणि सप्टेंबरमध्ये दहाव्यांदा घेतलेला ड्रायव्हर लक्षात आल्यावर जुने आठवडे उकरावे लागतात. नियमांतील त्रुटी हंगामात उघडकीस आली, तर ती नोंदवून पुढच्या वर्षी दुरुस्त करावी. चालू हंगामात नियम बदलायचाच असेल, तर सर्व सहभागींची संमती घ्यावी. बहुमत पुरेसे मानू नये, कारण बदलाचा फायदा ज्यांना होतो तेच बहुधा बहुमतात असतात.

छत्तीस आठवडे हा मोठा काळ असल्याने पहिल्या २६ आणि शेवटच्या १० शर्यतींचे स्वतंत्र विजेते ठरवण्याची पद्धत चांगली रुजली आहे. नॅसकारने २०२५ मध्ये ३२ ड्रायव्हरांची, पाच शर्यतींत बाद फेरीने चालणारी स्पर्धा हंगामाच्या मध्येच घेतली व ती टाय गिब्सने जिंकली. त्याच धर्तीवर आठ किंवा सोळा सहभागींची छोटी बाद फेरी उन्हाळ्यात घेता येते आणि तळाला गेलेल्यांनाही पुन्हा खेळायला कारण मिळते. बक्षीस म्हणून वर्षागणिक हातोहात फिरणारी ढाल किंवा विजेत्याला जेवण पुरेसे असते. भारतात २०२५ च्या ऑनलाइन गेमिंगविषयक कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली असल्यामुळे येथील सहभागी असलेल्या लीगने प्रवेशशुल्क व रोख बक्षीस ठेवूच नये.