कजा रोजे

रमजानमध्ये सुटलेला किंवा मोडलेला रोजा पुढे दुसऱ्या दिवशी धरून त्याची भरपाई करण्याला इस्लामी धर्मशास्त्रात कजा म्हणतात. कुराणाच्या दुसऱ्या सूरेतील १८४ व १८५ या आयतींत आजारी आणि प्रवासी यांना रोजे न धरण्याची मुभा देऊन तितकेच दिवस नंतर पुरे करण्यास सांगितले आहे.

मासिक पाळीत आणि बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावात स्त्रीने रोजा धरायचा नसतो. त्या दिवसांची नमाज तिला कायमची माफ असते, रोजे मात्र मागाहून धरावे लागतात. त्यामुळे कजा हा अपवादापुरता नियम वाटला, तरी असंख्य घरांतील स्त्रियांचा तो दरवर्षीचा हिशेब असतो. पैगंबरांच्या पत्नी हजरत आयेशा यांना आपले राहिलेले रोजे शाबानमध्येच, म्हणजे पुढचा रमजान तोंडावर आल्यावर, धरता येत असत, अशी हदीस, म्हणजे पैगंबरांच्या काळातील उक्ती-कृतींची परंपरेने आलेली नोंद, आहे.

कजा रोजे सलग धरणे बंधनकारक नाही. दोन्ही ईद आणि बकरी ईदनंतरचे तीन दिवस मात्र वर्ज्य आहेत. नियत, म्हणजे रोजा धरण्याचा मनाशी केलेला संकल्प, पहाट होण्यापूर्वीच करावी लागते. हिशेब दिवसास दिवस असा असतो, तासांचा नव्हे; म्हणून उन्हाळ्यातील लांबलचक रोजा हिवाळ्यातील आखूड दिवशी फेडला तरी तो पुरा मानला जातो.

पुढचा रमजान उलटेपर्यंत विनाकारण चालढकल केल्यास काय, यावर मतभेद आहेत. सुन्नी धर्मशास्त्राच्या पंथांपैकी हनफी पंथानुसार केवळ कजा पुरते, तर शाफई पंथात प्रत्येक रोजामागे एका गरिबाच्या अन्नाइतका फिदयाही, म्हणजे भरपाईचे दानही, द्यावा लागतो. महाराष्ट्रात हा फरक पुस्तकी नाही, कारण किनारपट्टीवरील कोकणी मुसलमान परंपरेने शाफई, तर घाटावरचे बहुतेक सुन्नी हनफी आहेत. गर्भवती वा अंगावर पाजणाऱ्या आईने केवळ बाळाच्या काळजीने रोजा सोडला, तरी हाच फरक पडतो.

बरे होण्याची आशा नसलेला रुग्ण किंवा थकलेला वृद्ध यांच्यावर कजा नसून फक्त फिदया असतो. कफ्फारा, म्हणजे प्रायश्चित्त, याहून वेगळा व कडक आहे: रमजानचा रोजा जाणूनबुजून शरीरसंबंधाने मोडल्यास कजेबरोबर साठ दिवसांचे सलग रोजे धरावे लागतात आणि ते न झेपल्यास साठ गरिबांना जेवू घालावे लागते. हनफी व मालिकी पंथ मुद्दाम खाण्यापिण्यालाही हाच दंड लावतात. विसरून घोटभर पाणी प्यायल्यास मात्र, मालिकी पंथ वगळता, रोजा मोडतच नाही.