बायोडेटा वेगळा, रेझ्युमे वेगळा

जळगावात झेरॉक्सच्या दुकानात 'बायोडेटा करून द्या' म्हटलं की बहुतेक वेळा ठरलेला साचा उघडतो. वडिलांचं नाव, जन्मतारीख, जात, वैवाहिक स्थिती, छंद, आणि तळाशी 'वरील माहिती खरी आहे' असं लिहून सही. त्यातच उंची आणि रास घातली की स्थळासाठीचा बायोडेटाही तयार. पोरं हाच कागद एमआयडीसीत घेऊन जातात. कंपनीला मात्र हवा असतो रेझ्युमे.

रेझ्युमे हा मूळ फ्रेंच शब्द, अर्थ 'सारांश'. बायोडेट्यात माणसाची ओळख असते. रेझ्युमेत त्या एका जागेसाठी तुमच्या हाताला काय येतं, ते लिहायचं.

परवा यावलकडचा एक मुलगा कागद दाखवायला आला. फिटरचा आयटीआय झालेला. अनुभवाच्या रकान्यात एवढंच: 'डाळ मिल, 1 वर्ष'. तिथे काय करायचास, विचारलं. म्हणाला, डाळ वर चढवणाऱ्या एलिव्हेटरचे पट्टे बदलायचो, बेअरिंगला ग्रीस भरायचो, चाळणी जाम झाली की खोलायचो, हंगामात रात्रपाळी एकट्याने सांभाळायचो. अरे भाऊ, मग हे लिही ना! घरच्या केळीत ठिबकचे फिल्टर साफ करणं, व्हेंचुरीने, म्हणजे पाण्यात खत ओढून घेणाऱ्या नळीने, खत सोडणं हेही त्याला येत होतं. ठिबकच्या कंपनीत अर्ज करायचा तर ती ओळ वरच हवी. सगळं लिहूनही एकच पान झालं.

जातीची ओळ काढताना तो थांबला. 'सवलत जाईल ना?' त्याची काळजी मला पटली. पण आरक्षण लागतं ते सरकारी भरतीत, आणि तिथे अर्जातच त्याचा रकाना असतो. खासगी कंपनीच्या रेझ्युमेत जात, धर्म, वडिलांचा व्यवसाय यांची गरज नाही. आधार क्रमांक तर मुळीच देऊ नका. तो कागद किती हातांतून फिरेल, सांगता येत नाही.

मोठ्या कंपन्यांत कधी कधी आधी सॉफ्टवेअर रेझ्युमे वाचतं. चौकटी आणि चित्रं त्याला नीट कळत नाहीत, म्हणून मांडणी साधी ठेवा आणि जाहिरातीतलाच शब्द वापरा. त्यांनी 'मेंटेनन्स फिटर' म्हटलं असेल तर तेच लिहा.

जुना बायोडेटा फाडू नका. सरकारी भरतीचा ऑनलाइन अर्ज भरताना जन्मतारीख, गुण, उत्तीर्ण झाल्याचं वर्ष त्यात एका जागी सापडतं.