प्लवकी कवचधारींमधील पाचक एंझाइमे

पाण्यात तरंगत जगणारे सूक्ष्म कवचधारी प्राणी, मुख्यतः कोपेपॉड आणि डॅफ्निया (जलपिसू), ज्या प्रथिनांच्या साहाय्याने अन्नाचे विघटन करतात ती त्यांची पाचक एंझाइमे. ट्रिप्सिन व कायमोट्रिप्सिन प्रथिने तोडतात, अमायलेज पिष्टमय पदार्थ, लायपेज मेद. डायाटम (काचेसारखे कवच असलेली एकपेशीय शैवले) साखर साठवतात ती स्टार्चच्या रूपात नव्हे, तर लॅमिनारिनसारख्या बहुशर्करेच्या, म्हणजे साखरेच्या लांब साखळीच्या, रूपात. म्हणून डायाटमवर जगणाऱ्या कोपेपॉडांकडे ते तोडणारे लॅमिनारिनेजही असते. डायाटमचे कवच मात्र एंझाइमांना दाद देत नाही. कोपेपॉडांना ते सिलिकेचे टोप चढवलेल्या दातांनी आधी फोडावे लागते.

डॅफ्नियाचे शरीर पारदर्शक असल्याने शैवलाने भरलेली आतड्याची हिरवी नळी सूक्ष्मदर्शकाखाली स्पष्ट दिसते. भरपूर अन्न असले की एक घास तासाभरात, कधी त्याहूनही लवकर, बाहेर पडतो. एंझाइमांना मिळणारा वेळ एवढाच. आपल्या जठरासारखी तीव्र आम्लाची पिशवी येथे नसते. आतड्यातील द्रव उदासीनाच्या आसपास असतो.

अन्नही प्रतिकार करते, आणि या विषयातील सर्वांत लक्षवेधी भाग हाच आहे. मायक्रोसिस्टिससारखी नील-हरित शैवले ट्रिप्सिन व कायमोट्रिप्सिन यांना जखडून ठेवणारी पेप्टाइडे (अमिनो आम्लांच्या छोट्या साखळ्या) तयार करतात. असे अन्न मिळाल्यावर डॅफ्निया त्याच एंझाइमांचे वेगळे, कमी जखडले जाणारे प्रकार बनवू लागते. काही हिरव्या शैवलांभोवती चिकट आवरण असते. ती आतड्यातून जिवंत बाहेर पडतात आणि जाताजाता तेथील फॉस्फरसही शोषून घेतात.

उत्तर अटलांटिकमधील कॅलॅनस फिनमार्चिकस हा कोपेपॉड हिवाळ्यात शेकडो मीटर खोल उतरून सुप्तावस्थेत जातो. तेव्हा आतड्याचे अस्तर झिजते, पाचक एंझाइमांची क्रियाशीलता अगदी खाली येते आणि तो शरीरातील तेलपिशवीतल्या मेणयुक्त मेदावर तगतो.

एंझाइमांची क्रियाशीलता मोजून प्राण्याने किती खाल्ले हे ठरवण्याचे प्रयत्न झाले, पण दोहोंचे सरळ प्रमाण बसत नाही. अन्न विरळ असतानाही काही एंझाइमे वाढलेली आढळतात. शिवाय मोजणीसाठी अख्खा प्राणी कुटला, तर त्याच्या पोटातील शैवलांची एंझाइमेही त्याच द्रवात मिसळतात.