१६.१ : एका आकड्याच्या मागचा इतिहास

ऑगस्ट २०१७मध्ये श्रीलंकेतल्या एकदिवसीय मालिकेसाठी भारतीय संघ जाहीर झाला, तेव्हा त्यात युवराजसिंग आणि सुरेश रैना नव्हते. दोघांच्या वगळण्यामागे जो आकडा पुढे वर्तमानपत्रांतून फिरला तो धावांचा नव्हता, सरासरीचाही नव्हता. तो होता १६.१. शंकर बासू तेव्हा संघाच्या तंदुरुस्तीचं काम बघत होते आणि ‘यो-यो’ चाचणीत किमान एवढं गाठायचंच, असा दंडक होता. तोपर्यंत आपल्याला यो-यो म्हणजे दोऱ्यावर खाली-वर होणारं खेळणं एवढंच ठाऊक. वर्षभरात चहाच्या टपरीवरही ‘तो यो-योत नापास झाला’ हे वाक्य ऐकू येऊ लागलं.

आकडा फोडून पाहू. १६ हा वेगाचा टप्पा, ताशी साडेपंधरा किलोमीटरचा. पॉइंट एक म्हणजे त्या टप्प्यातली पहिली फेरी. बीप वाजला की २० मीटर धावायचं, वळायचं, पुढच्या बीपच्या आत २० मीटर परत. मग दहा सेकंदांची उसंत, आणि तीही उभं राहून नाही, पाच मीटर जाऊन-येऊन. पुन्हा बीप. दोनदा उशीर झाला की बाहेर. सुरुवात ताशी १० किलोमीटरने होते, म्हणजे आरामातच. १६.१पर्यंत अशा २८ फेऱ्या होतात, एकूण ११२० मीटर. एवढं तर सकाळी बागेत फिरणारे आजोबाही चालतात! पण दमवतं ते अंतर नव्हे. प्रत्येक वेळी ब्रेक मारून वळायचं, पुन्हा शून्यातून वेग घ्यायचा, आणि दहा सेकंदांत श्वास काही जागेवर येत नाही.

या सगळ्याचं मूळ शंभर वर्षं मागे, इंग्लंडमध्ये आहे. १९२२चं नोबेल मिळालेले शरीरशास्त्रज्ञ ए. व्ही. हिल स्वतः धावायचे, पाठीवर हवेची पिशवी बांधून. सोडलेला श्वास त्या पिशवीत जमा करायचा आणि शरीराने किती ऑक्सिजन वापरला ते काढायचं. त्यातून त्यांनी १९२३च्या सुमारास मांडलं की वेग वाढेल तसा ऑक्सिजनचा वापर वाढतो, पण एका मर्यादेपर्यंतच. त्यापुढे कितीही जोर लावा, तो वाढत नाही. ती मर्यादा म्हणजे माणसाचा ‘दम’, लिटरमध्ये मोजलेला. आपल्या तालमींत मोजदाद नव्हती असं नाही. कुणी किती जोर मारले, किती बैठका काढल्या, याचा चोख हिशेब असे. पण तो केलेल्या मेहनतीचा हिशेब होता. छातीच्या आत काय चाललंय, ते आकड्यात पकडणं ही नवी गोष्ट होती.

अडचण एकच: पिशव्या, नळ्या, प्रयोगशाळा, आणि एका वेळी एकच माणूस. तेव्हा पुढची सगळी कहाणी ही प्रयोगशाळेला स्वस्त पर्याय शोधण्याची आहे. त्या पर्यायांना बळ दिलं ते बऱ्याच अंशी सैन्याने, कारण शेकडो माणसं झटपट पारखायची गरज तिथेच होती. १९४३मध्ये, महायुद्धाच्या धामधुमीत, हार्वर्डची पायरी-चाचणी आली: २० इंची बाकावर मिनिटाला तीस वेळा, असं पाच मिनिटं चढ-उतर करायचं आणि मग नाडी मोजायची. १९६८मध्ये अमेरिकी हवाई दलाचे डॉक्टर केनेथ कूपर यांनी ११५ जणांना धाववून दाखवलं की बारा मिनिटांत माणूस किती अंतर कापतो, यावरून त्याच्या ऑक्सिजन-क्षमतेचा बराचसा नेमका अंदाज येतो. एक घड्याळ आणि एक ट्रॅक, बास. पेलेच्या ब्राझील संघाने १९७०च्या विश्वचषकाच्या तयारीत कूपर यांच्या पद्धतीचा आधार घेतला आणि फुटबॉलची दारं या चाचण्यांना उघडली. पोलिस भरतीसाठी १६०० मीटर धावणाऱ्या आपल्याकडच्या पोरांची धाव याच कुळातली.

१९८२मध्ये माँट्रियलच्या ल्युक लेजे यांनी ट्रॅकही नको केला. २० मीटरची जागा आणि एक ध्वनिफीत; दोन बीपमधला वेळ कमी-कमी होत जाणार. हीच ‘बीप टेस्ट’. शाळेच्या हॉलमध्येही घेता येते, म्हणून ती जगभर पसरली.

पण तिच्यात धावणं अखंड असतं, आणि फुटबॉलमध्ये कुणी अखंड धावत नाही. डेन्मार्कचे येन्स बँग्सबो स्वतः फुटबॉल खेळलेले शरीरशास्त्रज्ञ. त्यांनी नव्वदच्या दशकात बीप टेस्टमध्ये ती दहा सेकंदांची उसंत घातली. थकल्यावर माणूस किती लवकर सावरतो आणि पुन्हा धावतो, हे त्यांना मोजायचं होतं, तेही खेळाडूच्या सरावाची दिशा ठरवण्यासाठी.

माझ्या मते गाडी रुळावरून घसरते ती इथे. सरावासाठी केलेली मोजपट्टी आपल्याकडे प्रवेशद्वारावर लावली गेली. जून २०१८मध्ये आयपीएलमध्ये ६०२ धावा ठोकून आलेला अंबाती रायुडू यो-योत अडला आणि इंग्लंड दौऱ्यातल्या एकदिवसीय मालिकेला मुकला. त्याच्या जागी निवड झाली ती सुरेश रैनाची! त्याच महिन्यात महंमद शमी अफगाणिस्तानविरुद्धच्या कसोटीआधी नापास झाला. काही आठवड्यांनी इंग्लंडमध्ये त्याने पाचही कसोटी खेळून १६ बळी घेतले. दुसरी बाजूही खरी आहे. या दंडकामुळे संघाचं क्षेत्ररक्षण आणि वेगवान गोलंदाजांचा टिकाव बदलला, हे डोळ्यांना दिसत होतं. मात्र स्लिपमध्ये उभा राहणारा फलंदाज आणि दिवसाला वीस षटकं टाकणारा गोलंदाज यांना एकच आकडा का लावायचा, याचं समाधानकारक उत्तर माझ्या वाचनात आलेलं नाही.

उत्तराच्या दिशेने एक पाऊल २०२१मध्ये पडलं. दोन किलोमीटरची धाव आली आणि तिथे वेगवान गोलंदाजांना ८ मिनिटं १५ सेकंद, बाकीच्यांना साडेआठ मिनिटं, असा फरक केला गेला. जानेवारी २०२३मध्ये क्रिकेट मंडळाने यो-योला निवडीच्या निकषांत पुन्हा बसवलं, सोबत हाडांची घनता आणि चरबी मोजणारी डेक्सा तपासणीही आणली. 

आणि २०२५मध्ये ‘ब्राँको’च्या बातम्या आल्या. ही रग्बीतली चाचणी. आणणारे एड्रियन ले रू, जे प्रशिक्षक जॉन राइट यांच्या काळात, २००२-०३मध्ये, भारतीय संघाचे ट्रेनर होते आणि २०२५मध्ये दुसऱ्यांदा आले. आधी २० मीटर जाऊन परत, मग ४०, मग ६०. असे पाच संच सलग, एकूण १२०० मीटर. १६.१च्या अंतरापेक्षा जेमतेम ८० मीटर जास्त, पण बँग्सबोंनी घातलेले ते दहा सेकंद यात नाहीत.