पहिल्यांदा खेळायला येताय? क्लास घरूनच ठरवून या

डन्जन्स अँड ड्रॅगन्स खेळायला येणारे ‘कोणता क्लास घेऊ?’ असं आम्हाला रोज विचारतात. क्लास म्हणजे खेळातल्या तुमच्या पात्राचा पेशा: लढवय्या, जादूगार वगैरे. (एका मुलाच्या आईला वाटलं शिकवणीचं चाललंय. आम्ही त्यांना टेबलावरच बसवलं. आता त्या मुलापेक्षा नियमित येतात.) डन्जन्स अँड ड्रॅगन्स म्हणजे काय, वीस तोंडांचा फासा कधी टाकायचा, हे तुम्हाला ढोबळ ठाऊक आहे असं धरून चालतो. हे पत्रक फक्त क्लासपुरतं आहे.

मागच्या महिन्यात रविवारी पाच जणांचा ग्रुप आला. त्यात तीन विझर्ड (जादूगार), कारण पुस्तकातलं चित्र भारी. समोर चार गॉब्लिन (बुटके राक्षस), म्हणजे पहिल्या लेव्हलचा अगदी घरगुती मामला. पहिल्या विझर्डची टर्न आली तेव्हा त्याने पुस्तक उघडून आपले स्पेल (मंत्र) वाचायला सुरुवात केली. ‘थांबा हं, याला कॉन्सन्ट्रेशन लागतं का?’ दुसरा मोबाईलवर शोधतोय, तिसरा पहिल्याला विचारतोय. फायटर (लढवय्या) बिचारा तलवार उपसून बसलेला, त्याने मिसळ मागवली. चार गॉब्लिन मारायला पावणेदोन तास लागले. आमची मिसळ खपते हे खरं, पण चार तासांच्या टेबलात गुहेचं दारसुद्धा दिसलं नाही, आणि नाराजी मात्र आमच्यावर.

दोष विझर्डचा नाही. स्पेल पहिल्यांदा आपल्या टर्नला वाचायचे, ही खरी चूक. पहिल्या लेव्हलला विझर्डच्या वहीत ६ स्पेल असतात, पण स्लॉट, म्हणजे ते टाकायच्या संधी, दोनच. हिट पॉइंट, म्हणजे अंगातला जीव, सात-आठ, आणि गॉब्लिनच्या तलवारीचा एक घाव ८ पर्यंत जातो. म्हणजे विचार करायला वेळ नाही आणि चुकायला जागा नाही. हाच विझर्ड घरून तयारी करून आला तर ‘स्लीप’ टाकतो: आठ तोंडांचे ५ फासे, बेरीज साधारण २२, म्हणजे तेवढ्या हिट पॉइंटचे शत्रू झोपतात, आणि एका गॉब्लिनचे हिट पॉइंट ७. तीन गॉब्लिन जागीच घोरायला लागतात. (हे २०१४ च्या नियमांप्रमाणे. २०२४ च्या पुस्तकात स्लीप बदललाय, पण आमची टेबलं अजून जुन्यावरच चालतात.)

म्हणून नवख्यांना आम्ही तयार कॅरेक्टर शीट (पात्राचा तक्ता) देतो: फायटर, रोग (चोर), क्लेरिक (देवाच्या शक्तीने लढणारा, बरं करणारा), आणि विझर्ड एकच, तोही आधी खेळलेल्याला. ‘पुस्तकात १२ क्लास असताना चारच का?’ अशी तक्रार होते. १९७४ साली हा खेळ निघाला तेव्हा क्लास तीनच होते, लढवय्या, जादूगार आणि क्लेरिक. चोर पुढच्या वर्षी आला. तेवढ्यावर लोक रात्र रात्र खेळले. आम्ही काही कंजुषी करत नाही.

रोग घेणाऱ्यांना (आजार नव्हे) एक विनंती. ‘मी एकटाच पुढे जाऊन बघतो’ हे टाळा. स्नीक अटॅकचा (रोगच्या चोरट्या घावाचा) जादा फासा मिळायला एकतर अॅडव्हांटेज (दोनदा फासा टाकून मोठा आकडा घ्यायची मुभा) हवा, नाहीतर आपला गडी शत्रूपासून ५ फुटांच्या आत हवा. फायटरला चिकटून राहा, फायदा तुमचाच.

आणि क्लेरिक म्हणजे ग्रुपचा कंपाउंडर नव्हे. ढाल घेऊन पुढे उभं राहता येतं. ‘हीलिंग वर्ड’ (बरं करणारा स्पेल) ६० फुटांवरून बोनस अॅक्शनमध्ये (टर्नमधल्या जादा छोट्या कृतीत) होतो, त्यामुळे पडलेल्याला उठवून त्याच टर्नला गदाही हाणता येते. कुणालाच नको असलेलं हे शीट ज्याच्या वाट्याला येतं, तो पुढच्या वेळी बहुधा तेच मागून घेतो.

स्वतःचं कॅरेक्टर बनवायचंच असेल तर शुक्रवारी संध्याकाळी या. अर्धा तास आम्ही सोबत बसतो. त्याचे पैसे रविवारच्या टेबलातच धरलेले आहेत. विझर्डवाल्यांसाठी मराठीत लिहिलेली स्पेल कार्डं आहेत, टेबलावर वापरायला फुकट, घरी न्यायची तर काउंटरवर विकतही मिळतात. फासे आम्ही देतो. खेळ सुरू झाल्यावर क्लास बदलून मिळणार नाही. लेव्हल संपली की बोलू.

येताना पेन्सिल आणा. हिट पॉइंट पेनाने लिहिले की दुसऱ्या गॉब्लिनपाशीच शीटचा चिखल होतो.