‘रिफिफी’: अर्ध्या तासाच्या शांततेवरचा जुना वाद

दिग्दर्शक ज्यूल्स डॅसिनचा ‘रिफिफी’ (१९५५) हा फ्रेंच सिनेमा पाहून झालेली मंडळी भांडतात ती बहुतेक एका अर्ध्या तासावरून. सिनेमा जवळपास दोन तासांचा. त्यात सराफी दुकान फोडण्याचा प्रसंग सुमारे अर्धा तास चालतो आणि तेवढ्या वेळात ना संवाद, ना पार्श्वसंगीत. तारीफ करणारे तिथेच अडकतात. नावं ठेवणारे उरलेल्या दीड तासावर घसरतात: सुरुवात रेंगाळते, चोरीनंतर उगाच ताणलंय, बाईला पट्ट्याने मारतात ते बघवत नाही. नागपुरात वर एक शेरा ठरलेला, ‘हे तं टॉम क्रूझच्या पिक्चरमध्ये पाहिलं ना भाऊ.’ यातलं एकही मत हवेतलं नाही. प्रत्येकाचं मूळ सिनेमा कसा बनला त्यात सापडतं.

डॅसिन फ्रेंच नव्हे, अमेरिकन. न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर चित्रित केलेला ‘द नेकेड सिटी’ (१९४८) त्याचाच. १९५१ मध्ये कम्युनिस्टांचा छडा लावणाऱ्या अमेरिकी संसदीय समितीपुढे एडवर्ड दिमित्रिक या दिग्दर्शकाने त्याचं नाव घेतलं आणि हॉलिवूडचे दरवाजे बंद झाले. युरोपातही हात धुऊन मागे लागलेच. फ्रान्समध्ये मिळालेला एक सिनेमा अमेरिकेच्या दबावामुळे हातातून गेला. ‘रिफिफी’चं काम चालून आलं तेव्हा तो कित्येक वर्षं रिकामा होता. ऑग्युस्त ल ब्रेतोंची मूळ कादंबरी त्याला अजिबात आवडली नव्हती, पण नाही म्हणायची सोय नव्हती.

पैसे बेताचेच, सुमारे दोन लाख डॉलर. त्यामुळे बडा नट परवडणारा नव्हता. दारूपायी कारकीर्द घसरलेला ज्याँ सर्व्हे टोनीच्या भूमिकेत आला आणि तुरुंगातून सुटलेल्या, खोकणाऱ्या, थकलेल्या दरोडेखोराला तोच चेहरा शोभला. ऊन पडलं की डॅसिन चित्रीकरण थांबवायचा, कारण त्याला पॅरिस करडंच हवं होतं. निर्मात्याचा जीव टांगणीला लागायचा. पण आज प्रेक्षक ज्या ओल्या, मळकट रस्त्यांचं कौतुक करतात ते या हट्टातून आले.

आता चोरीकडे. पुस्तकात ती मोजक्या पानांत उरकलेली आहे. डॅसिनने तिला सिनेमाचा चौथा हिस्सा दिला. दुकान रू द ला पे या रस्त्यावरचं, मॅपिन अँड वेब. इतवारीच्या सराफ्यात फिरलेल्या माणसाला रचना लगेच कळेल: खाली पेढी, वर राहतं घर. टोनी आणि त्याचे तीन साथीदार असे चौघं वरच्या घरातून खाली उतरतात. पण त्याआधीचं काम महत्त्वाचं. दुकानात आहे तसाच अलार्म मिळवून ते त्याच्यावर प्रयोग करतात. जरा हादरा बसला की तो ठणाणा करतो. बरेच उपाय हुकल्यावर अग्निशामक नळकांड्यातला फेस आत भरला की आवाज दबतो, हे सापडतं. हा प्रयोग ‘रेंगाळलेल्या’ सुरुवातीतच आहे. तो डुलकी घेत पाहिला तर पुढे फेस का फवारतात हे कळत नाही आणि अर्धा ताण तिथेच वाया जातो.

मग प्रत्यक्ष काम. फरशी उचकटायची, छिन्नीचे घाव दबवत जमिनीत आधी लहानसं भोक पाडायचं. त्यातून मिटलेली छत्री खाली सोडून उघडायची, म्हणजे पुढचं भगदाड मोठं करताना गिलाव्याचे ढपले छत्रीत झेलले जातात. एक जरी खाली आपटला तरी अलार्म वाजेल. मग दोरावरून खाली, अलार्ममध्ये फेस, शेवटी तिजोरी. तिजोरीचं दार कोणी फोडत नाही. तिला हळूच कलती करून पाठीमागचा पत्रा गोल कापतात. मध्येच एकाचा हात पियानोच्या पट्टीवर पडतो आणि चौघं थिजतात. सगळ्या प्रसंगात सूर म्हणावा असा तेवढाच.

संगीतकार जॉर्ज ओरिकने या प्रसंगासाठी संगीत लिहिलं होतं. डॅसिनने त्याला दोन्ही तऱ्हा दाखवल्या, संगीतासह आणि संगीताविना. ओरिकने स्वतःच्या संगीतावर काट मारली. असा मोठेपणा सिनेमाच्या धंद्यात विरळाच.

म्हणूनच हा सिनेमा कुठे पाहिला यावर मत बरंच फिरतं. श्वास, छत्रीवर पडणारा चुरा, पत्रा कापणारी कुरकुर यांवर अख्खा प्रसंग उभा आहे. मे महिन्यात खिडकीतला कूलर फुल्लवर ठेवून मोबाइलच्या स्पीकरवर पाहिला तर यातलं काहीच कानी येत नाही आणि ‘अर्धा तास काही घडतच नाही’ हे मत तयार होतं. हेडफोन लावा, नाहीतर डिसेंबरची वाट बघा. बाकी सिनेमा फ्रेंच, सबटायटल वाचत बसावं लागतं. या प्रसंगाला तीही गरज नाही.

चोरीनंतरच्या भागावरचा आक्षेप मात्र पटत नाही. सेझार हा तिजोरीतला उस्ताद एक अंगठी परस्पर खिशात घालतो आणि क्लबमधल्या गायिकेला देतो. क्लबचा मालक ग्रुटर गुंड. अंगठी त्याच्या नजरेस पडते, सेझारला मारझोड होते आणि तो साथीदाराचं नाव सांगून मोकळा होतो. टोनी त्याला गाठतो. सेझारबद्दल आपुलकी असूनही धंद्याचा नियम म्हणून गोळी घालतो. सेझारची भूमिका पेर्लो व्हिता या नावाने खुद्द डॅसिनने केली आहे. ठरलेला नट आला नाही म्हणून केली, हे खरं. तरीही ज्याचं नाव सहकाऱ्याने सांगितलं त्या माणसाने पडद्यावर नाव सांगणाऱ्याची भूमिका करावी आणि त्यासाठी मरावं, हे कळल्यावर तो भाग लांबवलेला वाटत नाही. शेवट इथे फोडत नाही.

टोनी आपल्या जुन्या प्रेयसीला, मादोला, पट्ट्याने मारतो तो प्रसंग आहे तसा आहे. कॅमेरा बाजूला वळतो, आवाज येत राहतो. काळ वेगळा होता म्हणून त्याची भलामण करणारे आहेत, पण आजच्या प्रेक्षकाने टोनीवर दया करायला नकार दिला तर त्यात चूक नाही.

पहिली मतं आजच्याइतकी दुभंगलेली नव्हती. १९५५ च्या कान महोत्सवात डॅसिनला दिग्दर्शनाचा पुरस्कार वाटून मिळाला. तेव्हा समीक्षक असलेल्या फ्रान्स्वा त्र्युफोने लिहिलं की आपण वाचलेल्या सर्वांत वाईट गुन्हेकथेतून डॅसिनने आपण पाहिलेला सर्वांत उत्तम गुन्हेपट काढला. उलट मेक्सिकोत या पद्धतीच्या घरफोड्या झाल्याचं सांगून सिनेमा बंद पाडला गेला. चोरी करणं किती अवघड असतं हेच सिनेमा दाखवतो, असा डॅसिनचा बचाव होता. इटलीत १९५८ मध्ये मारिओ मोनिचेल्लीने याच धाटणीची टर उडवून सगळं बिघडवणाऱ्या चोरांचा विनोदी सिनेमा केला.

राहिला टॉम क्रूझ. १९९६ च्या ‘मिशन: इम्पॉसिबल’मध्ये तो छतातून दोरावर लटकत निःशब्द उतरतो, जमिनीला स्पर्श झाला की अलार्म. हा प्रसंग जास्त जवळ आहे तो ‘टॉपकापी’च्या (१९६४): इस्तंबूलचा राजवाडा, छतातून दोर, रत्नजडित खंजीर आणि जमिनीत तसाच अलार्म. तोही डॅसिनचाच, पण रंगीत आणि मिश्कील. पीटर युस्तिनोव्हला त्यासाठी ऑस्कर मिळालं. ज्याला ‘रिफिफी’ची सुरुवात जड जाते त्याने आधी ‘टॉपकापी’ पाहावा, मग इकडे वळावं.